आजोबांची पदके, करंडक आणि छायाचित्रे : त्यांवरून आयुष्याचा माग कसा काढावा

आजोबांच्या पश्चात घरातल्या पत्र्याच्या पेटीत किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर सापडणारा ऐवज बहुधा ठरलेला असतो: फिती विटलेली दोनचार पदके, काळे पडलेले एकदोन पेले किंवा ढाली, आणि पाठीमागे काहीही न लिहिलेल्या छायाचित्रांचा गठ्ठा. नाशिक परिसरात अशी घरे पुष्कळ आहेत आणि त्याची कारणे शहराच्या घडणीतच आहेत. नाशिकरोडला तोफखान्याचे केंद्र आणि देवळालीला छावणी आहे. १९२५ मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ मध्ये नोटांचा छापखाना येथे आला. १९३७ मध्ये डॉ. मुंजे यांनी भोंसला मिलिटरी स्कूल सुरू केले; शिवाय रेल्वे, शाळा, गल्लोगल्लीच्या तालमी आणि व्यायामशाळा होत्याच. या प्रत्येक ठिकाणी माणसांना पदके मिळाली, स्पर्धा झाल्या आणि रांगेत बसवून छायाचित्रे काढली गेली.

हे काम प्रथमच हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. त्यात एकच गोष्ट मी आग्रहाने सांगणार आहे: वस्तू स्वतः काय सांगते ते आधी लिहून काढावे आणि घरात काय सांगतात ते त्यानंतर ऐकावे. हा क्रम उलटला की वस्तूकडे पाहणारी आपली नजर ऐकलेल्या गोष्टीने आधीच बांधली जाते आणि पदकाच्या कडेवर स्पष्ट कोरलेले नावही नीट वाचले जात नाही.

पहिली पायरी : पुसण्याआधी टिपणे

पेटी उघडल्यावर ज्या क्रमाने वस्तू ठेवलेल्या असतील त्याच क्रमाने त्यांचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. कोणते पदक कोणत्या पाकिटात होते, कोणत्या वर्तमानपत्राच्या कागदात काय गुंडाळलेले होते, ही माहिती एकदा विस्कटली की परत मिळत नाही. गुंडाळलेला कागदही टाकू नये, कारण त्यावर बहुधा तारीख असते आणि वस्तू केव्हा बांधून ठेवली गेली याचा अंदाज त्यावरून येतो.

पदके आणि पेले ब्रासोने, चिंचेने, पितांबरीने किंवा टूथपेस्टने चकचकीत करण्याचा मोह प्रत्येक घरात होतो. तो कटाक्षाने टाळावा. पदकाच्या कडेवरील अक्षरे फार उथळ असतात आणि दर दिवाळीला घासलेल्या पदकावर ती पुसट होत होत नाहीशी होतात; मग ते पदक कोणाचे होते हे सांगणारा सर्वांत भक्कम पुरावाच जातो. मऊ कोरड्या सुती कापडाने धूळ टिपणे पुरेसे आहे. फीत जीर्ण झाली असली तरी तीच ठेवावी. नवी हवी असल्यास ती वेगळी आणावी.

दुसरी पायरी : पदकाची कड वाचणे

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. सैनिकी पदकाची दर्शनी बाजू सर्वांची सारखीच असते. त्या माणसाची स्वतःची नोंद असलीच तर ती कडेवर असते, आणि ताऱ्याच्या आकाराच्या पदकांवर मागच्या बाजूस. खोली अंधारी करून मोबाइलचा टॉर्च पदकाच्या अगदी शेजारी आडवा धरावा आणि पदक हळूहळू फिरवावे. समोरून न दिसणारी अक्षरे आडव्या उजेडात सावली धरतात. तरीही न वाचता आल्यास पातळ कागद कडेवर धरून मऊ पेन्सिल हलक्या हाताने फिरवावी.

कडेवरचा मजकूर इंग्रजी लघुरूपांत असतो आणि त्याचा क्रम साधारणपणे सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण असा असतो. क्रमांकानंतरची अक्षरे शिपाई, नायक, हवालदार, गनर, सॅपर किंवा ड्रायव्हर यांपैकी कशाची लघुरूपे आहेत, ते पाहावे. गनर असेल तर तोफखाना, सॅपर असेल तर इंजिनिअर, एवढे हुद्द्यावरूनच कळते. नावाच्या लेखनावर मात्र विसंबू नये. भरतीच्या कारकुनाने कानाला ऐकू आले तसे इंग्रजीत उतरवलेले असते. आडनाव गाळून केवळ स्वतःचे आणि वडिलांचे नाव घातलेले असते, किंवा गावाचेच नाव आडनाव झालेले असते. म्हणून नावाची शक्य ती सर्व रूपे वहीत लिहून ठेवावीत. पुढे प्रत्येक दप्तरात ती सगळी शोधावी लागतात. सैनिक क्रमांक मात्र अंकाअंकाने दोनदा तपासून उतरवावा, कारण दप्तरात माणूस सापडतो तो प्रथम क्रमांकाने.

त्यानंतर पदकांचा संच पाहावा. उदाहरण म्हणून दुसऱ्या महायुद्धातील एक नेहमी आढळणारा संच घेऊ: दोन सहा टोकांचे तारे आणि दोन गोल पदके. पहिल्या ताऱ्याच्या फितीवर गडद निळा, तांबडा आणि फिकट निळा असे तीन समान पट्टे असतील, तर तो १९३९-४५ स्टार आहे आणि हे तीन रंग आरमार, भूदल व वायुदल यांचे आहेत. दुसऱ्या ताऱ्याच्या गडद निळ्या फितीत मध्यभागी रुंद तांबडा पट्टा आणि दोन्ही बाजूंना नारिंगी रेघ असेल, तर तो बर्मा स्टार. तो ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळातील त्या आघाडीवरील सेवेसाठी आहे. त्याजागी वाळूच्या रंगाची फीत असेल तर आफ्रिका स्टार, म्हणजे जून १९४० ते मे १९४३ मधील उत्तर आफ्रिका. गोल पदकांपैकी एक वॉर मेडल आणि दुसरे इंडिया सर्व्हिस मेडल असते. हे दुसरे भारतीय सैन्यात तीन वर्षे सेवा झालेल्यांना मिळाले. एवढ्या चार तुकड्यांवरून माणूस केव्हा भरती झाला असेल, किती काळ नोकरीत होता आणि कोणत्या दिशेला गेला, याचा सांगाडा उभा राहतो.

स्वातंत्र्यानंतरच्या पदकांचे वाचन तुलनेने सोपे आहे, कारण त्यांवर नाव आणि क्रमांक सहसा असतोच. केशरी, पांढऱ्या आणि हिरव्या उभ्या पट्ट्यांच्या फितीचे स्वातंत्र्य पदक १५ ऑगस्ट १९४७ चे आहे. सामान्य सेवा पदकाच्या फितीवर ‘जम्मू आणि काश्मीर’ अशी धातूची आडवी पट्टी असेल, तर १९४७-४८ ची काश्मीरमधील लढाई समजावी. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा पदक, तर १९७१ साठी संग्राम पदक आहे. त्यासोबत ‘पूर्वी स्टार’ असेल तर माणूस पूर्व आघाडीवर होता आणि ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिम आघाडीवर. १९७२ मधील स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक त्या वेळी सेवेत असलेल्या सर्वांना मिळाले. त्यावरून शौर्याची कथा रचू नये, पण १९७२ मध्ये ते नोकरीत होते हा धागा मात्र पक्का धरावा.

येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. मोहिमेचे पदक माणूस तेथे होता एवढेच सांगते, त्याने काय केले ते सांगत नाही. बर्मा स्टार मिळालेला माणूस ट्रक चालवणारा, स्वयंपाकी किंवा खेचरांची देखभाल करणारा असू शकतो. घरात ‘आजोबा जपान्यांशी लढले’ असे सांगितले जात असेल आणि पदकाच्या कडेवर आर्मी सर्व्हिस कोअरचे लघुरूप निघाले, तर त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. त्या डोंगराळ मुलखात शिधा आणि दारूगोळा पुढे पोहोचवणे हे काम आघाडीइतकेच जोखमीचे होते. आपल्याला आजोबा जसे होते तसे हवे आहेत.

शिवाय कडेवरचे नाव आजोबांचे नाहीच, असेही घडते. ते चुलत आजोबांचे असेल किंवा मित्राने सांभाळायला दिलेले असेल. दोन्ही वेळा त्याची स्वतंत्र नोंद करावी.

बिनसैनिकी पदकांबद्दल थोडक्यात सांगतो. ताम्रपट असेल तर तो बहुधा १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांना दिलेल्यांपैकी असतो आणि त्याच्या मागे निवृत्तिवेतनाचा अर्ज, तुरुंगवासाचा दाखला आणि सोबतच्या कैद्यांची प्रमाणपत्रे असे कागद असतात. सिंहस्थातील स्वयंसेवकाचा बिल्ला असेल आणि त्यावर साल नसेल, तर आजोबांच्या वयाशी ताडून १९५५-५६, १९६७-६८ किंवा १९७९-८० यांपैकी कोणते पर्व जुळते ते पाहावे.

तिसरी पायरी : पेले, करंडक आणि ढाली

पेला प्रथम उलटा करून पाहावा. बुडाशी ‘ई. पी. एन. एस.’ ही अक्षरे असतील तर तो चांदीचा मुलामा दिलेला निकेल-मिश्रधातूचा आहे. चांदीची खात्री करून घ्यायची झाल्यास सराफ बाजारातील जाणत्याला नुसते दाखवावे. कस लावू देऊ नये. खरा उपयोग मात्र कोरलेल्या मजकुराचा असतो. त्यात संस्थेचे नाव, खेळ, वजनगट किंवा वयोगट आणि साल असते, आणि साल नसले तरी ते शोधता येते. ‘मुंबई इलाखा’ किंवा ‘मुंबई प्रांत’ असा उल्लेख स्वातंत्र्यापूर्वीचा किंवा त्याच्या अगदी लगतचा. ‘मुंबई राज्य’ असेल तर १९५० ते १९६० च्या दरम्यानचा. आणि ‘महाराष्ट्र राज्य’ असेल तर १ मे १९६० नंतरचा. ‘शके’ दिले असेल तर त्यात ७८ मिळवावेत. पौष ते फाल्गुनातील तारीख असेल तर बहुतेक वेळा ७९.

बरेच जण एक गोष्ट विसरतात. मोठ्या स्पर्धांचा करंडक फिरता असे. तो वर्षभर विजेत्याच्या संस्थेत राहून परत जाई आणि खेळाडूच्या घरी येई ती लहान प्रतिकृती. म्हणून घरातला वितभर उंचीचा पेला पाहून स्पर्धा किरकोळ होती असे समजू नये. मूळ करंडक किंवा फिरती ढाल आजही त्या व्यायामशाळेच्या, शाळेच्या किंवा क्रीडामंडळाच्या कपाटात असू शकते आणि ढालीभोवती दरवर्षीच्या विजेत्यांची नावे कोरलेले छोटे पत्रे ठोकलेले असतात. संस्थेत जाऊन जुन्या चिटणिसांकडे ते कपाट पाहण्याची परवानगी मागावी, सोबत घरच्या पेल्याचे छायाचित्र न्यावे, आणि जमल्यास त्या वर्षीचा वार्षिक अहवाल किंवा सभासद-नोंदवही विचारावी. अहवालात संघातील सर्व खेळाडूंची नावे मिळाली, तर पुढच्या पायरीतील छायाचित्रातले अनोळखी चेहरे ओळखण्याची सोय होते.

चौथी पायरी : छायाचित्रे

मला स्वतःला पदकांपेक्षा गटाने बसून काढलेली छायाचित्रे अधिक मोलाची वाटतात. पदक एका माणसाबद्दल बोलते. गटछायाचित्रात त्याचे सोबती, त्याचा साहेब, त्याचा वस्ताद आणि त्याची त्या रांगेतली जागा, हे सारे एकत्र असते.

आधी मागची बाजू पाहावी. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेला ऑर्डर क्रमांक, कागदाच्या कंपनीचे फिकट छापील नाव, पोस्टकार्डासारखी आखणी, यांपैकी जे असेल ते जसेच्या तसे उतरवावे. शिक्क्यात सहा आकडी पिनकोड असेल तर प्रत १५ ऑगस्ट १९७२ नंतरची आहे, कारण पिनकोड त्या दिवसापासून सुरू झाला. पत्त्यात मेन रोड, रविवार कारंजा किंवा देवळाली कॅम्प असे काही असल्यास त्या भागातील जुन्या दुकानदारांना स्टुडिओबद्दल विचारावे. स्टुडिओ बंद झाला असला तरी तो कोणत्या काळात चालू होता हे सांगणारा कोणीतरी भेटतो. जाड पुठ्ठ्यावर डकवलेले छायाचित्र पुठ्ठ्यापासून सोडवू नये आणि काचेला चिकटलेले काचेपासून ओढू नये. चौकटीसकटच त्याची प्रत घ्यावी.

मग दर्शनी बाजू, आणि तीही भिंगाने. तालमीच्या एखाद्या छायाचित्राची कल्पना करावी. पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेली मुले, दुसऱ्या रांगेत खुर्च्यांवर फेटा बांधलेले वस्ताद आणि कोट-टोपीतले पाहुणे, मागे लंगोट लावून हात बांधून उभे असलेले पैलवान. मुलांच्या पुढ्यात जमिनीवर एक पाटी टेकवून ठेवलेली असते आणि तिच्यावर खडूने संस्थेचे नाव व साल लिहिलेले असते. छपाईत ती पाटी काळ्या चौकोनासारखी दिसते, म्हणून नजर तिच्यावरून सरकते. ६०० डीपीआयवर स्कॅन करून तेवढाच भाग मोठा केला आणि उजेड-गडदपणा थोडा बदलला, की खडूची अक्षरे वर येतात. याच रीतीने मागचा फलक, भिंतीवरील तसबीर, दिनदर्शिका आणि गदेवर किंवा मल्लखांबावर बांधलेली चिठ्ठी पाहावी.

गणवेशातील छायाचित्रात पाहण्याची ठिकाणे ठरलेली आहेत: टोपीवरचे चिन्ह, खांद्यावरील धातूची अक्षरे, बाहीवरच्या फिती आणि छातीवरील पदकांच्या पट्ट्या. चिन्हावर राजमुकुट असेल तर छायाचित्र २६ जानेवारी १९५० पूर्वीचे समजावे, कारण प्रजासत्ताकानंतर मुकुटाची जागा अशोकाच्या सिंहांनी घेतली. खांद्यावरील लघुरूपात ‘रॉयल’साठीचे पहिले अक्षर असेल तर तोच निकष लागतो. पाठीमागे ‘जमादार’ असा हुद्दा लिहिला असेल तर ते १९६५ च्या आधीचे, कारण त्या वर्षापासून तो हुद्दा नायब सुभेदार म्हणून ओळखला जाऊ लागला. छातीवर किती पट्ट्या आहेत ते मोजून पेटीतल्या पदकांशी ताडून पाहावे. छायाचित्रात पाच आणि पेटीत तीन असतील, तर दोन पदके कोणत्या घरी गेली हा प्रश्न पाचव्या पायरीसाठी लिहून ठेवावा. मात्र कृष्णधवल छायाचित्रात फितीचे रंग ओळखल्याचा दावा करू नये. जुन्या फिल्ममध्ये तांबडा रंग काळा उतरे.

पाचवी पायरी : घरातल्या ज्येष्ठांशी बोलणे

आता आत्या, काका, आजोबांचे धाकटे भाऊ आणि शेजारचे वयोवृद्ध यांच्याकडे जावे. मूळ छायाचित्रे हाताळायला न देता मोठ्या आकाराच्या छापील प्रती न्याव्यात आणि त्यांच्यावर चेहऱ्यांना आकडे घालावेत. ‘आजोबांबद्दल काही सांगा’ असे विचारले की बहुतेक वेळा ‘फार शिस्तीचे होते’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी छायाचित्रावर बोट ठेवून ‘चार नंबरचे हे कोण, आत्या? यांच्याकडे आपले जाणे-येणे होते का?’ असे विचारावे. सुट्टीवर आले की कोणत्या गाडीने येत, नाशिकरोड स्टेशनवर घ्यायला कोण जाई, मनिऑर्डर कोणत्या गावाहून येई, पेन्शन कोठे मिळे, पेला कोणत्या कोनाड्यात ठेवलेला असे, अशा प्रश्नांतून नोकरीची ठिकाणे आणि वर्षे हाती लागतात. साल आठवत नसेल तर घरातल्या घटनेशी जोडावे: थोरल्या काकांचे लग्न आधी की निवृत्ती आधी? संभाषण त्यांच्या परवानगीनेच ध्वनिमुद्रित करावे. जे सांगायचे नाही ते सांगू नये, एवढी मोकळीक त्यांना असावी.

वहीत दोन रकाने आखावेत: डावीकडे वस्तूवर जे दिसले ते, उजवीकडे जे सांगितले गेले ते, आणि सांगणाऱ्याचे नाव व तारीख. दोन्ही रकाने जुळत नसतील तेथे खूण करून पुढे जावे. तेथल्या तेथे ज्येष्ठांना खोटे पाडू नये.

सहावी पायरी : दप्तरे

सैनिकाच्या बाबतीत प्रथम घरातच डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन देण्याचा आदेश, शोधावा. डिस्चार्ज बुकात भरतीची तारीख, गाव, तालुका, वडिलांचे नाव, अंगावरील खुणा आणि मिळालेली पदके असतात. ते मिळाले तर निम्मे काम झाले. नसेल तर पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला लिहावे. तोफखान्याचे हे कार्यालय नाशिकरोड कॅम्पातच आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्यात खडकीला. अर्जात सैनिक क्रमांक, हुद्दा, नावाची सर्व रूपे, वडिलांचे नाव, गाव-तालुका आणि सेवेचा अंदाजे काळ द्यावा. पदकाच्या कडेचे छायाचित्र, मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा जोडावा. अर्ज पोचपावतीसह टपालाने पाठवावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात योग्य पत्ता व नमुना विचारता येतो. निवृत्तिवेतन न मिळालेल्या सैनिकांचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जात असल्याने नकार येऊ शकतो, आणि महायुद्धात भरती होऊन १९४६ मध्ये नोकरीतून कमी झालेल्यांच्या बाबतीत तो विशेष संभवतो. इंग्लंडमधील अभिलेखागारात भारतीय शिपायाचे सेवापुस्तक मिळेल, अशी आशा ठेवू नये. तेथील वैयक्तिक कागद मुख्यतः अधिकाऱ्यांचे आहेत. पलटणीचा छापील इतिहास आणि युद्धकाळातील दैनंदिन्या मात्र त्या काळी तुकडी कोठे होती हे सांगतात.

नागरी नोंदींसाठी शाळेचे जनरल रजिस्टर, तहसील कार्यालयातील जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक, आणि जमिनीचे जुने फेरफार ही तीन साधने पुरतात. जुनी पाने मोडीत असतील तर मोडी वाचकाची मदत घ्यावी. वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली पाहताना ‘गावकरी’पासून सुरुवात करावी; स्पर्धेचा निकाल पेल्यावरील तारखेनंतरच्या आठवडाभरात छापलेला असतो. १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयात नाशिकविषयीचे जुने ग्रंथ आणि स्मरणिका चाळाव्यात.

नाशिककरांच्या उंबऱ्याशीच असलेले एक साधन बाहेरगावची मंडळी शोधत येतात आणि आपण विसरतो. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या घरी यजमानांच्या नामावळी पिढ्यानपिढ्या राखलेल्या आहेत. आपले गाव आणि आडनाव सांगून आपल्या घराण्याचे उपाध्याय कोण ते विचारावे. आजोबा कधी श्राद्धासाठी किंवा सिंहस्थात तेथे आले असतील, तर त्या वहीत कुटुंबातील नावे, नाते आणि तारीख सापडते, आणि कित्येकदा खाली आजोबांची स्वतःची सही किंवा अंगठा असतो. वहीचे छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये, दक्षिणा द्यावी, आणि आपल्या पिढीची नावेही तेथे नोंदवून यावे.

सातवी पायरी : जुळणी आणि जपणूक

शेवटी वर्षवार तक्ता करावा आणि प्रत्येक नोंदीपुढे तिचा आधार लिहावा: पदकाची कड, पाटीवरील साल, आत्यांचे सांगणे, कार्यालयाचे उत्तर. केवळ तर्काने भरलेल्या जागा पेन्सिलीने लिहाव्यात. कोणते पदक, पेला किंवा छायाचित्र कोणत्या ओळीशी जोडले आहे ते दर्शवणारा क्रमांक वस्तूच्या पाकिटावर घालावा, वस्तूवर नव्हे. छायाचित्राच्या मागे लिहायचेच असेल तर कडेला, मऊ पेन्सिलीने आणि न दाबता लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. चिकट पानांचे आणि प्लॅस्टिकच्या वासाचे अल्बम टाळून आम्लरहित कागदाची पाकिटे वापरावीत, आणि नाशिकच्या पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या दसऱ्याच्या सुमारास बदलाव्यात. स्कॅनच्या प्रती निदान दोन घरांत असाव्यात, आणि त्यांपैकी एक आजोबांच्या दुसऱ्या अपत्याच्या शाखेकडे द्यावी, म्हणजे छायाचित्रातील पाच पट्ट्यांपैकी हरवलेली दोन पदके तिकडच्या कपाटात निघाली तर ती कोणाची, हे त्यांना लगेच ओळखता येईल.